रात्रीची कवळी

मामाला झोप लागली ती एका तरुण जवानाच्या अंत्यविधीत, आणि तीही उभ्या उभ्या.

मामा अग्निशामक दलाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. पहिल्या खुर्चीवर. म्हणजे सगळा बँड थांबतो आणि एकच वाद्य बोलतं, ती जागा त्याची. त्याचा सूर इतका अलगद निघायचा की दलात त्याला कोणी नावाने हाक मारत नसे, सगळे 'फुंकर' म्हणत. नवीन भरती झालेल्यांना तर त्याचं खरं नाव ठाऊकही नव्हतं.

तो जवान भिंत कोसळून गेला होता. त्याला मानवंदना द्यायला बँड अग्निशमन केंद्राच्या आवारात उभा होता. मानवंदनेच्या धुनेच्या मध्यावर बराच वेळ नुसता ड्रम वाजतो, सावकाश, आणि मग क्लॅरनेट एकटं वर येतं. त्या दिवशी ड्रम वाजला, थांबला, आणि पुढे काहीच आलं नाही. मामा वाद्य छातीशी धरून डोळे मिटून उभा होता. बघणाऱ्याला वाटलं असेल, दुःखाने उभा आहे. मग त्याचे गुडघे जरासे वाकले, तेव्हा शेजारच्या लंबूच्या लक्षात आलं.

लंबू म्हणजे दुसऱ्या खुर्चीवर क्लॅरनेट वाजवणारी बाई. उंचीमुळे तिला हे नाव पडलं होतं आणि ती फोनवरसुद्धा 'लंबू बोलतेय' असंच म्हणायची. तिने पटकन वाद्य तोंडाला लावलं आणि मामाच्या ओळी वाजवल्या. पण मधला तो रिकामा वेळ जाऊन गेला होता.

"त्या मुलाची आई मागे वळून बघायला लागली," लंबूने मला नंतर सांगितलं. "रागाने नाही गं. आपलं काही करायचं राहिलंय का, आपण पुढे व्हायचं होतं का, अशी बघत होती. फुंकरने डोळे उघडले तेव्हा समोर तीच."

बँडमास्तर मामाच्याच वयाचे, तरुणपणापासूनचे मित्र. ते रागावले नाहीत. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?" मामाला तेच जास्त लागलं. लोकांना वाटणार, हा पिऊन आला होता. आणि मामा तर दारूला शिवत नसे.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने हे सगळं आम्हाला सांगितलं. आम्ही म्हणजे मामी आणि मी. मी त्याची भाची, पाण्याच्या मीटरच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर लागले होते आणि खोली मिळेपर्यंत म्हणून मामाकडे राहायला आले होते. नंतर खोली शोधायचं कोणी बोललंच नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माझी खोली आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एक पातळ भिंत.

मामाचं बोलून झाल्यावर मामीने ताट बाजूला सारलं.

"तुम्हाला रात्री झोप लागत नाही," ती म्हणाली.

"मला? मी तर पाठ टेकली की गेलो."

"ती झोप नव्हे. तुम्ही घोरता, घोरता, आणि मग बंद पडता. श्वासच बंद पडतो. मी हलवते तेव्हा परत सुरू होतो. मग पुन्हा तेच. सकाळपर्यंत."

मामा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. भिंतीपलीकडून ते मला रोज ऐकू यायचं. जड गाडी चढणीला लागावी तसा आवाज वर वर जायचा आणि एकदम काहीच नाही. त्या शांततेत पलंग करकरायचा, मामीचा दबका आवाज यायचा, "अहो, वळा," आणि मग पाण्याखालून वर आल्यासारखा मामा मोठ्याने हवा ओढायचा. घोरण्यावरून आम्ही त्याची चेष्टाही करत असू. खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले की विचारायचे, "काल घाट पार झाला का?" मध्येच येणाऱ्या शांततेबद्दल मात्र कोणी बोललं नव्हतं.

"मग तू मला कधी सांगितलं का नाहीस?" मामाने विचारलं.

"सांगून काय, बंद करणार होतात?"

मामी कपड्यांच्या कारखान्यात कटर होती. कापडाच्या थप्पीवर आखलेल्या खुणेवरून उभ्या पात्याचं यंत्र फिरवायचं, बाह्या, कॉलर, पाठी कापायच्या. हात स्थिर लागतो. त्याच वर्षी तिच्या डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक गेलं होतं. यंत्राचं पातं सैल होतं, असं तिने आम्हाला सांगितलं आणि आम्ही मानलं.

झोपेचे डॉक्टर म्हातारे होते आणि सावकाश बोलायचे. एका रात्री त्यांनी मामाला दवाखान्यात झोपवलं, डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावल्या. निकाल सांगताना त्यांनी स्वतःचाच गळा चिमटीत धरून दाखवला. "हा काही लोखंडी नळ नाही, मऊ मांस आहे. झोपेत सैल पडतं, जीभ मागे जाते, वाट मिटते. मेंदू घाबरतो आणि तुम्हाला उठवतो. तुम्हाला आठवत नाही, पण तुम्ही रात्रभर उठत असता. हृदयाला हा मार रोज बसतोय." मग म्हणाले, यावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे हवेचं यंत्र. नाकातोंडावर मुखवटा बांधून झोपायचं, यंत्र हवा आत ढकलत राहतं, वाट मिटत नाही.

यंत्र घरी आलं. पहिल्या रात्री मामाने मुखवटा बांधला आणि थोड्याच वेळात ओरबाडून काढून टाकला. दुसऱ्या रात्री तेच. मोठा मुखवटा, लहान मुखवटा, फक्त नाकाचा, सगळं करून झालं. एकदा त्याने झोपेतच पट्टा इतक्या जोराने ओढला की कानामागे जखम झाली. सकाळी तो यंत्राकडे पाठ करून बसायचा.

मी मामीला म्हटलं, "जरा हट्टीपणाच करतोय ना?"

मामी त्या वेळी ओटा पुसत होती. ती थांबली. "तुला माहीत नाही. तू लहान होतीस. बँडमध्ये यायच्या आधी ते आगीवर जायचे. एका तळघरात धूर भरला होता, हे आत होते, आणि मुखवट्याची झडप अडकली. हवा येईना, आणि काढावा तर बाहेर धूर. जोडीदाराने पायाला धरून ओढत बाहेर आणलं. त्यानंतर त्यांना मुखवटा तोंडावर धरवेना. नोकरीच जायची, पण त्यांना क्लॅरनेट वाजवता येतं हे साहेबांना माहीत होतं, म्हणून बँडमध्ये घेतलं."

ही गोष्ट आमच्या घरात कधी कोणी काढली नव्हती. मी ती मामाजवळही काढली नाही. मामीनेच डॉक्टरांना सांगितली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, यंत्र परत ठेवून घेतलं आणि एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. "हे यंत्राइतकं पक्कं नाही," ते म्हणाले, "पण लावलेली साधी वस्तू न लावलेल्या चांगल्या वस्तूपेक्षा बरी."

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. कॅनव्हासचे बूट, केस वर बांधलेले. त्यांनी मामाला खुर्चीत बसवून स्वतःची हनुवटी पुढे काढून दाखवली. "काका, खालचा जबडा असा पुढे आणला की जिभेचं मूळ पण पुढे येतं आणि मागची वाट मोकळी राहते. मी तुमच्या दातांच्या मापाच्या दोन पट्ट्या करणार, वरची आणि खालची. दोन्ही एकमेकींना बारीक स्क्रूने जोडलेल्या. रात्री लावायच्या. स्क्रू थोडा थोडा फिरवत जबडा हळूहळू पुढे न्यायचा."

"बाई, माझं पोट या जबड्यावर आहे," मामा म्हणाला.

"सगळ्यांचंच असतं, काका."

मग मामाने क्लॅरनेटचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. हे कसं वाजवतात ते त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "उद्या वाद्य घेऊन या," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मीही रजा टाकून गेले. मामाने त्या लहानशा खोलीत, हात धुवायच्या भांड्याशेजारी उभं राहून वाजवलं. बाई वाकून, मान तिरकी करून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. बाहेर बसलेल्या पेशंटांची कुजबुज थांबली. एक लहान मूल रडत होतं, तेही गप्प झालं.

"पुन्हा एकदा, वरचे सूर," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बोटाने दाखवलं. "वरचे दात इथे टेकतात. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून त्यावर ही बोरूची पत्ती, तुमची रीड, बसते. म्हणजे खालचे दात जरा जरी पुढे आले तरी दाब बदलणार."

"बदलला तर?"

"मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. रोज सकाळी पट्ट्या काढल्यावर जबडा थोडा वेळ पुढेच राहतो. तो मागे आणायला एक लवचीक तुकडा देईन, तो चावायचा. बहुतेकांचं त्यावर भागतं. काहींचे दात मात्र महिन्यामहिन्याने सरकतात आणि मग पहिल्या जागी परत येत नाहीत. तुमचे सरकतील की नाही, मला आज सांगता येत नाही."

"आणि नाही लावलं तर?"

"तर डॉक्टरांनी सांगितलंय ते आहेच."

मामाने क्लॅरनेटचे तुकडे सुटे केले, एक एक पुसून पेटीत ठेवले. पेटी बंद केली आणि म्हणाला, "घ्या माप."

पट्ट्या आल्या त्या काचेसारख्या स्वच्छ, बाजूला इवलेसे स्क्रू, निळ्या डबीत. मामाने त्यांना 'कवळी' म्हणायला सुरुवात केली. "सगळे दात शाबूत असताना कवळी लावणारा घराण्यातला मी पहिला." ती लावली की त्याचं बोलणं बोबडं व्हायचं आणि हनुवटी अशी पुढे यायची की कुणाशी तरी भांडायला निघालाय असं वाटायचं. सुरुवातीला सगळाच त्रास झाला. उशी लाळेने भिजायची. सकाळी कानाजवळ दुखायचं, घास चावताना दात दुसऱ्याचेच वाटायचे. पण मुखवट्यासारखं त्याने हे ओरबाडून काढलं नाही. तोंड उघडंच आहे, हवा आपलीच आहे, एवढं त्याला पुरत होतं.

दर थोड्या दिवसांनी मामी चष्मा लावून, सुईत दोरा ओवावा तशा एकाग्रतेने स्क्रू किंचित फिरवायची. भिंतीपलीकडचा आवाज आधी हळू झाला, मग नुसती गुणगुण राहिली, मग तीही गेली. कवळी लावून पुन्हा चाचणी झाली तेव्हा म्हाताऱ्या डॉक्टरांनी कागद बघून समाधानाने मान डोलावली.

मामा बदलला. तो असा होता हे मी विसरलेच होते. दुपारी खुर्चीत पेंगणं गेलं. पेपर तो शेवटच्या पानापर्यंत वाचायचा आणि आम्हाला वाचून दाखवायचा, नको म्हटलं तरी. एके दिवशी सकाळी उठून म्हणाला, "मला स्वप्न पडलं," आणि ते सांगायलाच विसरला, नुसता हसत बसला. त्याच आठवड्यात तो त्या जवानाच्या आईला भेटून आला. एकटाच गेला. काय झालं ते त्याने फार सांगितलं नाही. माफी मागितली, म्हणाला. तिने आत बोलावून बसवलं, आणि ती मुलाबद्दलच बोलत राहिली, बँडचा विषयच निघाला नाही.

मामीला मात्र झोप येईना. सकाळी तिचे डोळे लाल असायचे. मी विचारलं तर म्हणाली, "आवाज नाही ना. मग मला वाटतं..." ती रात्रभर मामाच्या पाठीवर हात ठेवून पडायची. हात वर जातोय, खाली येतोय, याची खात्री करत.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी उठले तर घरात सामसूम. मामा स्वयंपाकघरात अनवाणी उभा, हातात रिकामं पातेलं. ओठांवर बोट ठेवून त्याने आतल्या खोलीकडे खूण केली. मामी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, ऊन गालावर आलेलं. मी त्या घरात आल्यापासून तिला झोपलेलं पाहिलंच नव्हतं. आम्ही दोघांनी चहासुद्धा केला नाही, भांडं वाजेल म्हणून. जेवायची वेळ झाली तेव्हा ती धडपडत उठून बाहेर आली आणि आम्हालाच ओरडली, उठवलं का नाही म्हणून.

तेवढे दिवस चांगले गेले. मग सूर बिघडायला लागला.

मामाचा सराव स्वयंपाकघरात चालायचा, कारण तिथली भिंत शेजाऱ्यांच्या घराला लागून नव्हती. आधी सकाळचे पहिले काही सूर फुसके यायचे, तुकडा चावला की ठीक व्हायचं. मग तुकडा चावूनही होईना. वरच्या सुरांना कडेने हवा निसटल्यासारखा आवाज यायचा आणि मध्येच एखादा सूर चिरकायचा. मामा थांबायचा. रीड बदलायचा. ओठ दुमडून पुन्हा बसवायचा. आमच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून तोच एक सूर तो पुन्हा पुन्हा लावायचा. मी तपासणीच्या कामावर दिवसभर हेच करते, मीटर पुन्हा पुन्हा लावून बघते, म्हणून मला कळत होतं की बिघाड रीडमध्ये नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याला कागदाची पातळ पट्टी चावायला दिली. पुढच्या दातांनी ती धरली गेली, मागच्या दातांमधून सरळ निघून आली. "सरकलेत," त्या म्हणाल्या. पुढचे दात एकमेकांच्या टोकावर आले होते आणि मागचे भेटतच नव्हते. "काका, आता ठरवावं लागेल. स्क्रू मागे घेते, पण गेलेलं सगळं परत येईल असं नाही."

मामाने घरी येऊन सांगितलं, "बाई म्हणाल्या, जरा बघू." तेवढंच. कागदाच्या पट्टीचं मला नंतर कळलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर बँडचा बागेत कार्यक्रम असायचा. त्या वर्षी बँडमास्तरांनी एक लांबलचक रचना निवडली होती, त्यात क्लॅरनेटचा एकट्याचा मोठा भाग. मामाला ती रचना फार वर्षांपासून वाजवायची होती. बँडमास्तरांनी ती त्याच्यासाठीच काढली होती हे सगळ्यांना माहीत होतं.

कार्यक्रम जवळ आला तसा सूर सुधारायला लागला. मला आनंद झाला. मग एका रात्री मला भिंतीपलीकडून जड गाडी चढणीला लागलेली ऐकू आली.

सकाळी मामी कामावर गेल्यावर मी मामासमोर उभी राहिले. "मामा, भिंत पातळ आहे."

तो बुटाची नाडी बांधत होता. मान वर केली नाही. "ती झोपली की काढून ठेवतो," म्हणाला. "दात मागे येतायत. कार्यक्रमापुरतं. मग लावतो परत."

"मामीला माहीत आहे?"

"तू सांगू नकोस. मी सांगेन."

"आज सांग. नाहीतर मी सांगते."

"इतकी वर्षं वाजवतोय गं मी," तो म्हणाला. त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "तळघरातून बाहेर आलो तेव्हा मला वाटलं, आता आपण कशाच्याच कामाचे नाही. मग ते वाद्य हातात दिलं. ते गेलं तर मी काय करायचं, नुसता श्वास घेत बसायचं?"

मी त्याच्या शेजारी बसून राहिले आणि त्या दिवशी कामावर उशिरा गेले.

संध्याकाळी त्याने सांगायला तोंड उघडलं, आणि मामी म्हणाली, "मला माहीत आहे."

ती कपड्यांच्या घड्या करत होती. घडी करत करतच बोलली. "पहिल्याच रात्री कळलं. इतकी वर्षं ऐकतेय, मला नाही कळणार? म्हटलं, कार्यक्रम होऊ दे. मी जागते तोवर. जागायची मला सवय आहे."

"अगं, थोडेच दिवस..."

"मी जागत होते आजपर्यंत. पण परवा माझा हात पुन्हा यंत्राखाली गेला." तिने डावा हात पुढे केला, ते अर्धवट बोट. "पातं सैल नव्हतं. तेव्हाही नव्हतं. मला डुलकी लागली होती. परवा शेजारणीने मनगट धरून ओढलं म्हणून, नाहीतर..." तिने हात मागे घेतला आणि पुढचा शर्ट उचलला. "तुमचं वाजवणं मला आवडतं. मी तुमच्याशी लग्न केलं तेच मुळी ते ऐकून, आणि हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुम्ही वाजवायचं थांबवा असं मी म्हणणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण रात्री तुमचा श्वास सांभाळायचं काम आता माझ्याच्याने होणार नाही. ते तुम्ही सांभाळा."

ती रडली नाही, आवाज चढवला नाही. घड्या झाल्या, तिने त्या कपाटात ठेवल्या. मामा बराच वेळ तिच्या हाताकडे बघत होता. मग त्याने उठून निळी डबी आणली आणि टेबलावर, सगळ्यांसमोर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो केंद्रावर गेला. गाड्यांच्या शेडच्या वरच्या मजल्यावर बँडचा सरावाचा हॉल होता, तिथे रबर आणि डिझेलचा वास कायम असायचा. बँडमास्तर एकटेच नोटेशनचे कागद लावत होते. मामाने सांगितलं, पहिली खुर्ची लंबूला द्या, एकट्याचा भाग तीच वाजवेल.

"थकलास का?" बँडमास्तरांनी विचारलं.

"नाही. झोपायचं ठरवलंय."

बँडमास्तरांना वाटलं तो थट्टा करतोय. मग त्याने सगळं सांगितलं, अंत्यविधीच्या दिवसापासूनचं. हे त्यांनी मला फार पुढे सांगितलं, म्हणाले, "मला त्याला थांबवायचं होतं. पण काय म्हणून थांबवू?"

लंबू ऐकेना. संध्याकाळी आमच्या घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "मी त्या खुर्चीवर बसणार नाही."

"मग उभी राहून वाजव," मामा म्हणाला. "आत तर ये."

त्यानंतर ती रोज येऊ लागली. आमच्या स्वयंपाकघरात दोघं उभी राहायची, मामा ओट्याला टेकून, ती खिडकीशी, डोकं वरच्या फळीला लागू नये म्हणून जरा वाकून. मामा स्वतः वाजवून दाखवत नसे. बोलून सांगायचा, कधी गुणगुणून. कुठे सूर पोटातून आणायचा, कुठे ओठ सैल सोडायचा. एका जागी ओळ फार लांब होती. मामा ती एका दमात वाजवायचा. लंबूचा दम मध्येच तुटायचा आणि ती चिडायची.

"मला नाही जमत तुमच्यासारखं."

मामाने कागदावर पेन्सिलने मधोमध बारीक खूण केली. "इथे श्वास घे."

"तुम्ही घेत नाही."

"मी घ्यायला हवा होता," तो म्हणाला. "घे तू."

डॉक्टरीणबाईंनी स्क्रू थोडा मागे घेतला. चाचणी पुन्हा केली. श्वास मागच्या चाचणीइतका निर्धोक नव्हता, पण झोपेचे डॉक्टर म्हणाले, कुशीवर झोपायचं आणि दर वर्षी येऊन दाखवायचं. दात जिथे गेले होते तिथेच बरेचसे राहिले. मामा तिसऱ्या रांगेत गेला. खालचे, जाड सूर धरून ठेवायचं काम. त्या सुरांना जबड्याचा एवढा नेमका दाब लागत नाही. तिथे नवीन भरती झालेली मुलं बसायची आणि पहिल्या दिवशी त्यांना कळेना की फुंकर आपल्या शेजारी का येऊन बसलाय. एकाने उठून त्याला खुर्ची पुसून दिली, तेव्हा मामा म्हणाला, "बस खाली, मी काही पाहुणा नाही."

कार्यक्रमाला मी आणि मामी दोघी गेलो. बाग भरली होती, लोक गवतावर बसले होते. मोकळ्या मंडपात बँड बसला होता आणि तिसऱ्या रांगेतला मामा आम्हाला मोठ्या ढोलामुळे अर्धाच दिसत होता. एकट्याचा भाग आला. लंबू उभी राहिली. खरंच उभी राहिली, खुर्चीवर बसली नाही. तिने वाजवायला सुरुवात केली, आणि मामाने आपलं वाद्य गुडघ्यावर आडवं ठेवलं.

ती छान वाजवत होती. पण तो मामाचा सूर नव्हता, हे मलाही कळत होतं. तिचा सूर उजळ होता, जरा घाईचा. ती लांब ओळ आली. मध्यावर तिने श्वास घेतला आणि पुढे गेली. मी मामाकडे पाहिलं. त्याची बोटं गुडघ्यावरच्या वाद्यावर चालत होती, आवाज न करता, तिच्याबरोबर. त्या जागी ती थांबली नाहीत. त्याच्या हातांनी ती ओळ एका दमात पुरी केली. मग बोटं थांबली आणि त्याने मान खाली घातली. मामी माझ्या शेजारी होती. तिने ते पाहिलं की नाही, मी तिला विचारलं नाही. तिने फक्त माझ्या मनगटावर हात ठेवला आणि ती ओळ संपेपर्यंत काढला नाही.

लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. लंबूभोवती गर्दी झाली. मामा तिच्याजवळ गेला, काहीतरी बोलला. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकवायला एवढी खाली वाकली की बघणारे हसले.

आम्ही तिघं चालत घरी निघालो. मामाच्या हातात पेटी होती. रस्त्यावर अजून उजेड होता, दुकानं उघडी होती.

"चांगली वाजवली ना?" मामीने विचारलं.

"चांगली वाजवली."

"तुमच्यासारखी?"

"नाही," मामा म्हणाला. थोडं चालून झाल्यावर पुन्हा म्हणाला, "नाही."

मामीने मान हलवली. तिने त्याची समजूत घातली नाही. चौकात रस्ता ओलांडताना तिने त्याच्या हातातली पेटी आपल्याकडे घेतली, आणि त्यानेही ती दिली.